टाकलेल्या वस्तूवर हक्क कोणाचा?

पवना नदीवरील बंधाऱ्यामुळे रावेतचे नाव पिंपरी-चिंचवडला पूर्वीपासून ठाऊक आहे. शहराचे बरेचसे पाणी तेथून उचलले जाते. १९९७ साली महापालिकेच्या हद्दीत आलेल्या या गावातील शेतांच्या जागी आता उंच इमारतींच्या रांगा उभ्या आहेत. हिंजवडीची किंवा तळेगाव-चाकणची नोकरी बदलली की येथील भाडेकरूंचे घर बदलते, आणि घर बदलले की इमारतीच्या फाटकाबाहेर पदपथावर एक मोडका संसार मांडला जातो : दबलेली कापसाची गादी, एका पायाने लंगडे झालेले टेबल, बंद पडलेला पंखा, मुलाला लहान होऊ लागलेली सायकल, कधी अख्खा फ्रीज. ठेवणारा मागे वळून पाहत नाही. पाहणारे दुसरेच असतात. रखवालदार पाहतो, रस्ता झाडणारी बाई पाहते, खांद्यावर पोते घेतलेली कचरावेचक पाहते, शेजारच्या बांधकामावर पत्र्याच्या खोलीत राहणारा मराठवाड्यातला किंवा बिहारमधला मजूर पाहतो. आणि वरच्या मजल्यावरचा पांढरपेशा शेजारीही, आपल्याला कोणी पाहत नाही ना याची खात्री करून घेत, पाहतो. या पाच जणांपैकी ती वस्तू कोणी घ्यावी आणि कशी घ्यावी, याविषयी आपल्या समाजात काही संकेत आहे काय?

प्रश्न क्षुल्लक वाटेल. बेकारी, महागाई आणि कामगार-संहिता बाजूला ठेवून जुन्या गादीची चर्चा कशाला, असे एखादा कार्यकर्ता विचारील. त्याला एका जुन्या प्रसंगाची आठवण द्यावीशी वाटते. १८४१ साली ऱ्हाइन प्रांताच्या विधिमंडळात जंगलातील लाकूडचोरीच्या कायद्यावर चर्चा झाली होती. झाडावरून आपोआप गळून पडलेल्या काटक्या गोळा करणाऱ्या गरिबांनाही चोर ठरवावे, असा वनमालकांचा आग्रह होता. चोवीस वर्षांच्या कार्ल मार्क्सने वृत्तपत्रात लेख लिहून त्याचा समाचार घेतला. झाडापासून सुटलेली काटकी मालकाच्या मालकीतूनही सुटलेली असते, असा त्याच्या युक्तिवादाचा गाभा होता. आर्थिक प्रश्नांकडे आपण प्रथम वळलो ते या वादामुळे, असे त्यानेच पुढे १८५९ साली नमूद करून ठेवले आहे. गळालेल्या काटकीपासून मालमत्तेच्या विचाराला सुरुवात होऊ शकत असेल, तर टाकलेल्या गादीपासून ती का होऊ नये?

आणि त्यासाठी ऱ्हाइनच्या जंगलापर्यंत जाण्याचीही गरज नाही. आपल्या खेड्यांत सुगी उरकल्यावर रानात राहिलेली कणसे आणि मातीत राहिलेल्या भुईमुगाच्या शेंगा वेचण्याची चाल होती. तिला सरवा वेचणे म्हणत. पीक निघण्यापूर्वी रानात शिरणे ही चोरी. पण रान मोकळे झाल्यावर सरवा वेचणाऱ्या बाया-पोरांना हुसकून लावणे हे हलकेपणाचे लक्षण मानले जाई. सरवा वेचणारी बाई मालकाचे आभार मानत नसे आणि मालकही आपण दान केले असे समजत नसे. वस्तूही गेली आणि उपकारही उरला नाही, ही त्या चालीची खरी थोरवी.

याच खेड्यांत दुसरी एक रीतही होती, आणि ती विसरून चालणार नाही. मेलेले जनावर ओढून न्यायचे, उष्टे-शिळे तुकडे मागून आणायचे, उतरलेली वस्त्रे अंगावर घालायची, हे काही जातींचे ‘हक्क’ म्हणून सांगितले जात. ते हक्क नव्हते. माणसाला त्याची पायरी दाखवून देण्याची ती साधने होती. म्हणूनच मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत मांस आणि उष्टे तुकडे सोडून देण्याचे आवाहन केले. भुकेल्या माणसाला अन्न नाकारायला सांगणारे ते आवाहन अर्थशास्त्राच्या चौकटीत बसणारे नव्हते, पण त्याशिवाय माणूसपणाचा हिशेब जुळत नव्हता.

तिसरी रीत शहरांची. जुन्या कपड्यांच्या बदल्यात भांडी देणारी बोहारीण अगदी अलीकडेपर्यंत दारोदार फिरत असे. साड्यांच्या जरीवरून आणि पातेल्याच्या जाडीवरून घरातल्या बाईशी तिची जी घासाघीस चाले, तीत दोघीही बरोबरीच्या असत. जुनी वस्तू तेथे दान नव्हती, माल होती.

तेव्हा सरवा, उतरलेले वस्त्र आणि बोहारणीचे पातेले असे तीन वारसे आपल्या हाती आहेत. रावेतच्या पदपथावर आपण कोणता वारसा चालवितो, हा माझ्या मते या विषयातील मुख्य प्रश्न आहे. टाकलेली वस्तू उचलण्याचा शिष्टाचार सरव्यासारखा असावा. उतरलेल्या वस्त्रासारखा तो कदापि असू नये.

परदेशांतील उदाहरणे पुष्कळांना ठाऊक असतात. जर्मनीतील अनेक शहरांत अवजड सामान बाहेर ठेवण्याचे दिवस ठरलेले असतात आणि आदल्या संध्याकाळी विद्यार्थी, नवी कुटुंबे, हौशी कारागीर ते चाळून हवे ते घेऊन जातात. जपानमध्ये असे सामान टाकायचे तर नगरपालिकेकडे पैसे भरून त्यावर चिठ्ठी लावावी लागते. यांतून शिकण्यासारखे आहे. पण ‘जो आधी येईल त्याचे’ हा नियम येथे जसाच्या तसा आणणे अन्यायाचे ठरेल. टाकलेल्या मालावर ज्याची चूल पेटते, असा मोठा श्रमिकवर्ग आपल्याकडे रस्त्यावर उभा आहे. ज्याच्याकडे मोटार आहे तो नेहमीच आधी पोचतो.

हा वर्ग आपल्याच परिसरात संघटित झाला, याचा आपल्याला अभिमान असला पाहिजे. १९९३ साली डॉ. बाबा आढावांच्या नेतृत्वाखाली आणि एसएनडीटी विद्यापीठातील कार्यकर्त्यांच्या प्रयत्नांतून पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिच्या सभासद प्रामुख्याने दलित समाजातील स्त्रिया. कचरा वेचणे हे काम आहे आणि ते करणारी कामगार आहे, एवढी साधी गोष्ट मान्य करून घेण्यासाठी त्यांना झगडावे लागले. नव्वदच्या दशकाच्या मध्यास पुणे व पिंपरी-चिंचवड या दोन्ही महापालिकांनी संघटनेच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. त्या ओळखपत्राचे मोल पांढरपेशा वाचकाला सहज उमगणार नाही. पोत्यात तांब्याची तार किंवा पितळी नळ सापडला की ‘कोठून चोरलास?’ हा प्रश्न ठरलेला असे. त्या प्रश्नासमोर उभे राहण्याचे बळ त्या लहानशा कार्डाने दिले. पुढे २००८ साली पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करू लागली. २०१६ च्या घनकचरा नियमांनी देशभरच्या स्थानिक संस्थांवर कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घेण्याची जबाबदारी टाकली.

कागदावर एवढे मिळविलेले असताना जमिनीवर काय घडते आहे? ऑगस्ट २०२३ मध्ये मोशी येथे कचऱ्यापासून वीज करणाऱ्या प्रकल्पाचे उद्घाटन झाले. सुमारे तीनशे कोटी रुपये खर्चाचा हा प्रकल्प वर्षाला अडीच लाख टन कचरा वापरील असे तेव्हा सांगण्यात आले. अशा भट्टीला चांगले जळणारे जळण हवे असते, आणि कागद, प्लॅस्टिक, लाकूड, कापड यांच्याइतके चांगले दुसरे काय जळणार? म्हणजे जो माल कचरावेचकाच्या पोत्यात जायचा त्यावरच यंत्राचाही डोळा असतो. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखली-कुदळवाडीतील हजारो बांधकामे महापालिकेने जमीनदोस्त केली. त्यांत भंगाराची असंख्य गोदामे होती. ती बांधकामे अनधिकृत होती आणि तेथे लागणाऱ्या आगींचा धूर आसपासच्या वस्त्यांना छळत होता, हे खरेच आहे. परंतु शहराची जुनी कपाटे, पत्रे, पिंपे, पुठ्ठे जेथे जाऊन पुन्हा माल होत, ती जागा पर्यायी व्यवस्था उभी राहण्यापूर्वीच पुसली गेली, हेही तितकेच खरे आहे. वेचणारीकडून किरकोळ भंगारवाल्याकडे, त्याच्याकडून ठोक व्यापाऱ्याकडे आणि तेथून कारखान्याकडे जाणारी साखळी अशी मधेच तुटली, की सर्वांत खालच्या कडीला मिळणारा भाव आधी पडतो.

ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली म्हणजे शिष्टाचाराची कलमे आपोआप सुचतात. पहिली जबाबदारी टाकणाऱ्याची आहे. वस्तू मुद्दाम मोडून टाकू नये. चालू स्थितीतील खुर्चीचा पाय तोडून किंवा गादी फाडून बाहेर ठेवणारे महाभाग आहेत. आपल्याला नको असलेले दुसऱ्याला फुकट मिळू नये, यापलीकडे त्याचे कारण शोधू नये. वस्तू सकाळी, कोरड्या जागी, चालणाऱ्यांची वाट न अडविता ठेवावी. पावसात भिजलेली गादी कोणाच्याच उपयोगाची नसते. चालू आहे की बिघडलेली, हे कागदावर मराठीत आणि हिंदीत लिहावे. ढेकूण असतील तर तसे लिहावे आणि ती वस्तू देण्याचा मोहच टाळावा. फुटकी काच, सुया, औषधे यांची भर त्यात घालू नये. पोत्यात जाणारा हात बहुधा मोज्याविना असतो. आणि ठेवण्यापूर्वी, आपल्या गल्लीत रोज येणाऱ्या कचरावेचक बाईला किंवा सफाई कामगाराला विचारावे. ‘मावशी, हे तुम्हाला हवे का?’ असे विचारावे आणि ‘नको’ हे उत्तर मनाला लावून घेऊ नये. नाकारण्याचा अधिकार नसेल तर घेण्यालाही काही अर्थ उरत नाही.

सर्वांत महत्त्वाचे असे, की जुनी वस्तू मजुरीच्या हिशेबात धरू नये. घरकाम करणाऱ्या बाईने पगारवाढ मागितली की तिला गेल्या वर्षी दिलेल्या मिक्सरची आठवण करून देणारी सुशिक्षित घरे या शहरात थोडीथोडकी नाहीत. दिवाळीचा बोनस आणि जुनी साडी यांची अदलाबदल करणारा माणूस बलुत्याच्या व्यवस्थेतून अजून बाहेर पडलेला नाही, मग त्याच्या भिंतीवर कोणाचेही चित्र असो.

घेणाऱ्यालाही काही पथ्ये आहेत. फाटकाच्या आत, जिन्याखाली किंवा वाहनतळावर ठेवलेली वस्तू टाकलेली नव्हे. ती विचारल्याशिवाय उचलू नये. ज्याला महिन्याचा पगार आहे त्याने वापरासाठी खुशाल घ्यावे, विकण्यासाठी घेऊ नये. पुस्तकांची फळी, कुंडी, अभ्यासाचे टेबल नेऊन दुरुस्त करून वापरावे, त्यात लाज कसली? जुने वापरणे हा दारिद्र्याचा शिक्का मानणे चंगळवादाने आपल्याला शिकविले आहे. पण तांबे, पितळ, लोखंड, रद्दी ही ज्यांची रोजची मिळकत आहे, ती त्यांच्यासाठी सोडावी. कचरावेचकाने ज्या वस्तूवर आधी हात ठेवला, ती तिची. घेतल्यावर उरलेला पसारा आवरून ठेवावा. फ्रीज किंवा दूरचित्रवाणी संच पदपथावरच फोडून तार तेवढी काढून घेऊ नये. तार जाळल्याचा धूर आणि जुन्या पडद्याच्या काचेतील शिसे यांची किंमत ती फोडणाऱ्याच्याच फुप्फुसांना व हातांना मोजावी लागते. एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी अशा यंत्रांच्या विल्हेवाटीचे उत्तरदायित्व उत्पादकांवर टाकले आहे. ते पार पाडले जाते की नाही, हे विचारणे हे आपल्या कार्यकर्त्यांचे काम आहे.

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला सुरक्षिततेचा : वस्तू उचलण्यास मोकळीक दिली तर चोरांचे फावेल. कायदा याबाबत पुरेसा स्पष्ट आहे. दुसऱ्याच्या ताब्यातील वस्तू त्याच्या संमतीवाचून अप्रामाणिकपणे हलविणे ही चोरी. जुन्या दंडसंहितेत हेच होते आणि जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही हेच आहे. मालकाने स्वतः रस्त्यावर सोडून दिलेली वस्तू उचलणारा चोर ठरत नाही. फाटकावर तसा फलक लावला तर रखवालदाराचा आणि कचरावेचकाचा रोजचा तंटाही मिटेल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो आपल्यातलेच मित्र घेतील. असे शिष्टाचार म्हणजे श्रीमंतांच्या उष्ट्यावर गरिबांची व्यवस्था लावणे नव्हे काय? उचलायची वेळच कोणावर येऊ नये, हे आपले ध्येय नव्हे काय? ध्येय तेच आहे. चाकणच्या कंत्राटी कामगाराला नवी गादी विकत घेता येईल एवढे वेतन मिळाले पाहिजे, आणि कचरावेचक बाईला निवृत्तिवेतन, दवाखाना, मोजे व निवारा मिळाला पाहिजे. त्या लढ्याला हा शिष्टाचार पर्याय होऊ शकत नाही. परंतु तो लढा जिंकेपर्यंत आपल्या फाटकाबाहेर रोज जो व्यवहार घडतो, तो अपमानाचा असावा की बरोबरीचा, हे आजच ठरविता येते. शिवाय उद्याच्या समाजवादी समाजातही खुर्च्या जुन्या होतीलच, आणि त्या जाळण्यापेक्षा दुरुस्त करून वापरणेच शहाणपणाचे राहील.

तेव्हा रावेत, किवळे, पुनावळे येथील आपल्या मित्रांना एक कार्यक्रम सुचवितो. २०२३ च्या मे महिन्यात केंद्र सरकारच्या मोहिमेत जुन्या वस्तू स्वीकारणारी केंद्रे शहरोशहरी उघडली गेली. मोहिमा येतात आणि जातात. कायमची जागा हवी. प्रत्येक प्रभागात छप्पर असलेली एक शेड, महिन्यातून दोन ठरलेले दिवस, दुरुस्तीला एक सुतार आणि एक वीज-कारागीर, आणि या सर्वांचा कारभार कचरावेचकांच्या सहकारी संस्थेकडे, अशी मागणी महापालिकेकडे रेटावी. वापरण्याजोग्या वस्तू मजुरांच्या वस्तीला नाममात्र दरात मिळाव्यात, फुकट नकोत; बोहारणीच्या व्यवहारातली ताठ मान त्यात राहावी. उरलेल्या भंगाराची मिळकत वेचणारणींची असावी. आणि शेड उभी राहीपर्यंत प्रत्येकाने आपल्या इमारतीच्या सभेत एवढा एक ठराव तरी मांडावा, की फाटकाबाहेर ठेवलेल्या वस्तूला हात लावणाऱ्या माणसाला या इमारतीतून कोणीही दरडावणार नाही. ठरावाला विरोध कोण करतो ते पाहावे. आपल्या प्रचाराची सुरुवात कोणत्या मजल्यापासून करायची, ते त्यावरून कळेल.