'शॉक' म्हणजे करंट नव्हे

पाय दुखतो म्हणून दवाखान्यात गेलं की डॉक्टर विचारतात, "नेमकं काय होतंय?" आपण सांगतो, "पाय दुखतोय." कन्नडमध्ये विचारलं तर "कालु नोवु." झालं, संपलं! वास्तविक घरात दोन भाषा नांदणाऱ्या आपल्यासारख्यांकडे शब्दांची कमतरता नाही. जळजळ म्हणजे उरि, पायाला मुंग्या येऊन तो बधिर होणं म्हणजे जोमु. शिवाय ठणका आहे, कळ आहे, टोचणी आहे. हे शब्द नीट वापरले तर निम्मं निदान तिथंच होतं. कारण हाडाचं दुखणं वेगळं आणि नसेचं वेगळं. नसेचं दुखणं जळतं, टोचतं, झिणझिण्या आणतं.

आज हा विषय काढला, कारण 'शॉकवेव्ह' नावाच्या उपचाराची चौकशी अलीकडे बरेच जण करतात. ऑपरेशन नाही, टाके नाहीत, म्हणून मोह होतो. आणि 'शॉक' हा शब्द ऐकून घरातली वडीलधारी मंडळी घाबरतातही. दोन्हींच्या मध्ये जे खरं आहे ते समजून घेऊ या.

आधी दुखणं पाहू. चालताना चवड्याखाली खडा आल्यासारखं किंवा मोज्याची घडी पडल्यासारखं वाटतं. चप्पल काढून पाहावं तर काहीच नसतं. मधलं बोट आणि करंगळीशेजारचं बोट यांच्या बेचक्यात जळजळ होते, झिणझिण्या बोटांच्या टोकापर्यंत जातात. चप्पल काढून चवडा चोळला की बरं वाटतं. या दुखण्याला 'मॉर्टन्स न्यूरोमा' म्हणतात. फिलाडेल्फियाचे सर्जन थॉमस मॉर्टन यांनी 1876 साली त्याचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. नावावरून गाठ वाटते, पण ही कॅन्सरची गाठ नव्हे. बोटांकडे जाणारी नस चवड्याच्या हाडांजवळ वारंवार दाबली जाते आणि तिच्याभोवतीचा भाग जाड होतो, इतकंच. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये, त्यातही मध्यम वयात, हे जास्त आढळतं. निमुळत्या टोकाचे आणि उंच टाचेचे बूट दुखणं वाढवतात.

आता उपचार. शॉकवेव्हमध्ये वीज अंगात सोडत नाहीत. या असतात आवाजाच्या जातीच्या, दाबाच्या लहरी. मुतखडा न कापता फोडतात ते यंत्र आपल्याकडे बहुतेकांना ऐकून ठाऊक आहे. त्याचाच हा धाकटा भाऊ. जर्मनीत म्युनिक इथं 1980 साली अशा लहरींनी पहिल्यांदा रुग्णाचा मुतखडा फोडला. ते यंत्र डॉर्निए या विमानं बनवणाऱ्या कंपनीचं होतं! पुढं कमी ताकदीच्या लहरी टाचदुखी, टेनिस एल्बो अशा दुखण्यांवर वापरात आल्या. टाचदुखीसाठी अमेरिकेत 2000 साली अशा यंत्राला सरकारी मान्यता मिळाली.

दवाखान्यात चवड्याला जेल लावतात आणि हातातल्या उपकरणानं त्या जागी टकटक ठोके देतात. काही मिनिटांचं काम. साधारण आठवड्याला एक याप्रमाणे तीन ते पाच बैठका होतात. ठोके जाणवतात, थोडं दुखतंही. नंतर लाली, सूज किंवा हुळहुळेपणा एखाद-दोन दिवस राहू शकतो. गरोदर बायका, रक्त पातळ करण्याची गोळी घेणारे, त्या जागी जंतुसंसर्ग किंवा गाठ असणारे यांना हा उपचार सहसा देत नाहीत. पेसमेकर असेल तर आधी सांगावं.

मग गुण येतो का? टाचदुखीच्या बाबतीत अनुभव बराच जमा झालेला आहे. चवड्यातल्या नसेबाबत मात्र झालेले अभ्यास थोडे आणि लहान आहेत. त्यांत काहींचं दुखणं कमी झालेलं दिसलं, पण जाड झालेला भाग लहान झाल्याचं दिसलं नाही. म्हणजे 'गाठ विरघळते' असं कुणी छातीठोक सांगत असेल तर सावध व्हावं.

आणि खरी काळजीची गोष्ट पुढंच आहे. दोन्ही पायांच्या तळव्यांची आग होत असेल, रात्री ती वाढत असेल, मोजा घातल्यासारखं बधिर वाटत असेल, तर बहुधा तो मॉर्टनचा प्रकार नव्हे. अशा वेळी आधी रक्तातली साखर तपासावी. मधुमेहानं नसा अशाच बिघडतात. जीवनसत्त्व बी-12 कमी असलं तरी असं होतं, आणि मेटफॉर्मिनची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत ते कमी होऊ शकतं. अंगावर बधिर चट्टा असेल तर कुष्ठरोगाची तपासणी लाज न बाळगता करून घ्यावी. त्याचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. इथं ठोके देणारं यंत्र कामाचं नाही. त्यात पैसे तर जातातच, पण मोलाचे महिनेही जातात. तोवर बधिर पायाला जखम होते आणि घरात कुणाच्या लक्षातही येत नाही.

चवड्यातल्या नसेचंच दुखणं असेल तर पहिला उपाय स्वस्त आहे. बोटांना ऐसपैस जागा देणारं, मऊ तळाचं पायताण. आपल्या अथणी-निपाणीकडच्या कोल्हापुरी चपलेत बोटं मोकळी राहतात हे खरं, पण तिचा तळ कडक. दुखऱ्या चवड्याला तो मानवेलच असं नाही. शहाबादी फरशीवर दिवसभर अनवाणी उभ्या राहणाऱ्या घरच्या बायकांनी स्वयंपाकघरातही मऊ चप्पल घालावी. यात विटाळ मानू नये. घरातली चप्पल वेगळी ठेवली की झालं. चवड्याच्या मागे बसणारी छोटी गादी पुष्कळांना आराम देते. त्यानं भागलं नाही तर इंजेक्शन, आणि अगदी शेवटी ऑपरेशन. ऑपरेशनमध्ये नसेचा तो तुकडा बहुधा काढूनच टाकतात, त्यामुळं दोन बोटांमधला भाग कायमचा बधिर होतो. म्हणूनच मधली पायरी म्हणून शॉकवेव्हचा विचार करण्यात गैर काही नाही.

मात्र बैठकींचे पैसे भरण्यापूर्वी चार प्रश्न जरूर विचारा. दुखणारी नस नेमकी कोणती? सोनोग्राफीत ती दिसली का? साखर तपासली का? एकूण बैठका किती, खर्च किती आणि गुण आला नाही तर पुढं काय? मराठीत विचारा, कन्नडमध्ये विचारा, पण विचारा. सरळ उत्तर देणारा डॉक्टर भेटला तर त्याच्या हाती पाय द्यायला हरकत नाही.