तोच राजपुत्र पुन्हा

२०२६ च्या जानेवारीत युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने आपल्या कारभाराची फेरमांडणी जाहीर केली, आणि तयार होत असलेले सहा व्हिडिओ गेम रद्द केल्याचे त्याच घोषणेत सांगून टाकले. त्या सहांत ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’ या २००३ सालच्या खेळाची नवी आवृत्ती होती. परदेशातील एका कंपनीने एक खेळ गुंडाळला, त्याचे आपल्याला काय, असे कोणी विचारील. परंतु या आवृत्तीचे मुख्य काम पहिल्याने सोपविले होते ते पुण्या-मुंबईच्या शाखांकडे. आणि दुसरे असे की, आज चाळिशी उलटलेल्या ज्या मंडळींनी शाळकरी वयात प्रथम संगणक पाहिला, त्यांच्यापैकी पुष्कळांची या राजपुत्राशी जुनी ओळख आहे.

गाण्याच्या मास्तराने या विषयावर लिहावे याचे आमच्या बडोद्यातील काही वडीलधाऱ्यांना नवल वाटेल. मला मात्र त्यात काही विसंगत वाटत नाही. मी हे खेळ बारा-तेरा वर्षांचा असल्यापासून खेळतो, आणि एखाद्या गोष्टीचा पुढचा भाग चांगला का होतो व वाईट का होतो, हा प्रश्न माझ्या रोजच्या धंद्यातलाच आहे.

पहिला ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ १९८९ साली अमेरिकेत निघाला. जॉर्डन मेक्नर नावाच्या तरुणाने तो जवळजवळ एकट्याने, चार वर्षे खपून केला. राजपुत्राची धाव, उडी, कठड्याला लोंबकळणे हे सारे इतके खरे वाटे, याचे कारण त्याने आपल्या धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून धावायला, उड्या मारायला लावले, त्याचे चित्रीकरण केले आणि त्यावरून एकेक आकृती उतरवून घेतली. खेळाचे संगीत त्याच्या वडिलांनी, फ्रान्सिस मेक्नर यांनी रचले. म्हणजे बाप, दोन मुले आणि एक लहानसा संगणक, एवढाच तो संसार. त्या संगणकाची स्मृती इतकी तोकडी की, नायकाला तोडीचा प्रतिस्पर्धी काढायलाही जागा उरली नाही. तेव्हा नायकाचीच आकृती उलटसुलट करून त्याने एक छायापुरुष निर्माण केला. आरशातून उडी मारताच आपलीच सावली आपल्यापासून सुटते आणि पुढे वैरी होऊन आडवी येते. ज्याने तो प्रसंग लहानपणी पाहिला तो त्याला विसरला नसेल. अडचण नसती तर ती सावलीही जन्मली नसती, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

पुढे या नावाचे काय झाले? १९९३ साली दुसरा भाग आला. १९९९ साली तिसरा आला आणि आपटला. मग नाव युबिसॉफ्टकडे गेले, आणि २००३ साली त्यांच्या माँट्रियलच्या शाखेने ‘द सँड्स ऑफ टाइम’ काढला. त्याची कथा खुद्द मेक्नरने लिहिली होती. त्यात राजपुत्राजवळ एक खंजीर असतो. चुकून दरीत पडलो तर त्याच्या योगाने काही क्षण काळ मागे नेता येतो व चूक सुधारता येते. चूक झाली की मुकाट्याने पहिल्यापासून आरंभ, हा आजवरचा नियम त्याने मोडला. नाव जुने होते, राजपुत्रही होताच, परंतु विचार नवा होता.

लगेच पुढच्या वर्षी, २००४ साली, ‘वॉरियर विदिन’ हा पुढचा भाग आला. हसतमुख राजपुत्राच्या जागी कपाळाला आठ्या घातलेला, रक्ताने माखलेला योद्धा आला. पहिल्या भागाच्या संगीतात पूर्वेकडच्या वाद्यांना निदान काही जागा होती. तिथे आता विजेच्या गिटारींचा गोंगाट भरला. मेक्नरचा त्या भागाशी संबंध नव्हता, आणि त्याची दिशा व त्यातील हिंसा आपल्याला रुचली नाही, हे त्याने पुढे उघडपणे सांगितले. खेळाची यंत्रणा उत्तम होती, हे मी नाकारणार नाही. मी तो शेवटपर्यंत खेळलो. परंतु षड्ज बदलून तेच गाणे रेटावे तसे काहीसे मला सारखे वाटत होते.

याच राजपुत्राच्या एका नियोजित पुढच्या भागातून २००७ सालचा ‘असॅसिन्स क्रीड’ जन्मला. काम करता करता राजपुत्र बाजूला पडला व त्याचा रक्षक म्हणून कल्पिलेला मारेकरीच नायक झाला. हेही पुढच्या भागाचेच अपत्य, पण स्वतंत्र तोंडवळ्याचे. दुर्दैव असे की ते यशस्वी झाले. मग २००९ पासून २०१५ पर्यंत दरवर्षी त्याचा एक नवा भाग निघाला, २०१४ साली तर दोन निघाले. त्या दोहोंतील ‘युनिटी’ इतक्या घाईने बाजारात आला की, काही ठिकाणी पात्रांचे चेहरेच उमटत नसत, नुसते डोळे व दात हवेत तरंगत. कंपनीला जाहीर क्षमा मागावी लागली व एक पुरवणी भाग फुकट द्यावा लागला. अखेरीस २०१६ साली मुख्य भाग काढायचा नाही असे ठरले, आणि एका वर्षाच्या विसाव्यानंतर २०१७ साली आलेला इजिप्तचा भाग पुन्हा टवटवीत निघाला. शेताला पड ठेवावी लागते, हे शेतकऱ्याला ठाऊक असते. भांडवलदाराला ते नुकसान सोसून शिकावे लागले.

मग ही घाई व हे पुन्हा पुन्हा तेच का? याचे उत्तर हिशेबात आहे. २०२३ साली अमेरिकेतील एका खटल्यात सोनी कंपनीचे काही कागद न्यायालयात सादर झाले. त्यांतील आकडे काळ्या शाईने खोडलेले होते, परंतु खोडलेल्या मजकुराखालचे वाचता येत होते. ‘द लास्ट ऑफ अस’च्या दुसऱ्या भागाला सुमारे २२ कोटी डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने १,८०० कोटी रुपयांच्या आसपास खर्च आला, हे त्यातून जगाला कळले. आता असा खेळ ६० डॉलरला विकला, आणि दुकानाचा ३० टक्के वाटा वजा केला, तर हाती ४२ डॉलर उरतात. या मापाने नुसती मुद्दल परत यायला ५२ लाख प्रती खपल्या पाहिजेत. जाहिरातीचा खर्च निराळाच. एवढी रक्कम पणाला लावताना कोणीही ओळखीचेच नाव मागणार. नवे नाव लोकांच्या कानी घालायला वेळ लागतो. जुने नाव आयते मिळते. यात कोणाचा दुष्टपणा नाही. परंतु ज्या धाडसामुळे ते नाव झाले, नेमके तेच धाडस इतक्या पैशाला परवडत नाही, ही यातली खरी गोम आहे.

या पार्श्वभूमीवर पुण्या-मुंबईची हकीकत पाहावी. युबिसॉफ्टची पुण्यातील शाखा २००८ पासूनची, मुंबईची २०१८ ची. २०२० च्या सप्टेंबरात त्यांच्या हातचा नवा ‘सँड्स ऑफ टाइम’ जाहीर झाला व पुढच्याच जानेवारीची तारीख देण्यात आली. झलक पाहून जगभरच्या खेळाडूंनी नाके मुरडली. चेहरे मेणाचे दिसतात, चित्रण दहा वर्षे जुने वाटते, असे लोक म्हणू लागले. मीही हसलो, हे कबूल करतो. तेव्हा शिकवण्या घरबसल्या चालत होत्या, आणि मी ती झलक एका थोरल्या विद्यार्थ्याला मुद्दाम दाखविली. तो म्हणाला, “सर, हे पुण्यात झालंय. माझा मावसभाऊ याच धंद्यात आहे.” पुढे मला काही बोलवेना. मी चुकीचे पाहिले होते असे नाही. झलक खरोखरच कच्ची होती. पण आपल्या माणसांना प्रथमच मोठ्या बैठकीत पुढे बसविले, तेही दुसऱ्याची गाजलेली चीज जशीच्या तशी म्हणण्यासाठी, आणि पहिल्याच आलापावर आपण टाळ्यांऐवजी हशा दिला, हे मनाला लागून राहिले.

तारीख मार्चवर गेली, मग बेमुदत लांबली. २०२२ च्या मे महिन्यात काम पुण्या-मुंबईकडून काढून माँट्रियलकडे देण्यात आले. जिथे मूळ खेळ झाला त्याच घरी तो परत गेला, म्हणजे आता तरी होईल असे वाटले. तिथेही झाला नाही. पहिल्या तारखेनंतर बरोबर पाच वर्षांनी, जानेवारी महिन्यातच, तो रद्द झाला. हे नीट पाहिले म्हणजे दोष केवळ पुण्या-मुंबईच्या हातांचा होता, हे म्हणणे टिकत नाही. मूळ घराण्यातल्यांनाही जे साधले नाही, ते नवख्यांना साधले नाही म्हणून त्यांच्या नावाने बोटे मोडणे न्यायाचे नव्हे.

माझ्या मते घोटाळा मागणीतच होता. माझे वडील संस्थानच्या अखेरच्या वर्षांत, ऐन तारुण्यात, दरबारच्या चाकरीत होते. मी त्यांचे उतारवयातले अपत्य. ते सांगत, “फर्माईश रागाची असते, कालच्या गाण्याची नसते.” दरबारात यमनाची फर्माईश झाली तर कालचाच यमन कोणी मागत नसे, आणि कोणी गायिला असता तर ते आवडलेही नसते. यमन रोज कुठे ना कुठे गायिला जातो; त्याला कोणी पुनरावृत्ती म्हणत नाही. उलट, फैयाजखाँसाहेबांच्या तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्या हरकतींसकट पाठ केलेली माणसे मी या गावात पाहिली आहेत. बिचारे गुणी होते, पण त्यांच्या गाण्याला श्रोता “वा” म्हणे तो खाँसाहेबांना उद्देशून. जुन्या खेळाची तंतोतंत नवी आवृत्ती मागणे म्हणजे तबकडी गायला लावणे होय. जरा बदलले तर लोक म्हणतात बिघडवले. न बदलले तर म्हणतात, मग जुनेच काय वाईट होते?

याउलट, मोठ्या भांडवलाचा पुढचा भाग रागासारखा असू शकतो, याचा दाखलाही आहे. निन्टेन्डोने २०१७ साली ‘झेल्डा’ मालिकेतील ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ काढला व सहा वर्षांनी, २०२३ च्या मे महिन्यात, ‘टियर्स ऑफ द किंगडम’. देश तोच, डोंगर-नद्या त्याच, नायकही तोच. परंतु आता आकाशात बेटे आहेत, भूमीखाली अंधाराचे दुसरे राज्य आहे, आणि हाती अशी विद्या आहे की, पडलेल्या फळ्या-चाकांपासून खेळणाऱ्याने स्वतः होडी करावी, गाडी करावी. ओळखीच्या टेकडीकडे नव्याने पाहावे लागते. पहिल्या तीन दिवसांत त्याच्या एक कोटी प्रती खपल्या. म्हणजे जुने नाव, मोठा पैसा आणि नवा विचार यांचे हाडवैर नाही. मात्र त्याला सहा वर्षांची बैठक लागली.

आता आपल्याकडे, म्हणजे खेळणाऱ्यांकडे, येणारा दोषही सांगितला पाहिजे. २०२४ च्या जानेवारीत युबिसॉफ्टच्याच माँपेलिए येथील शाखेने ‘द लॉस्ट क्राउन’ काढला. १९८९ च्या खेळासारखा बाजूने दिसणारा, सीमुर्ग पक्षी व काफ पर्वत यांच्या इराणी कथांवर रचलेला, आणि संवाद फारसीत ऐकण्याची सोय असलेला. राजपुत्राच्या नावाला इतका मान बऱ्याच वर्षांत कोणी दिला नव्हता. जाणकारांनी वाखाणला. पण खप अपेक्षेइतका झाला नाही, आणि त्याच वर्षी ती मंडळी वेगवेगळ्या कामांवर पांगविली गेली. नवे द्या म्हणून ओरडणारे आपण त्या वेळी कुठे होतो? मी स्वतः तो सात महिन्यांनी, किंमत उतरल्यावर घेतला.

त्याच माँपेलिए गावात, युबिसॉफ्टमधून बाहेर पडलेल्या गियोम ब्रोश याने तिसेक माणसांचा एक मेळ जमवून, काही काम बाहेरून करून घेऊन, २०२५ च्या एप्रिलात ‘क्लेअर ऑब्स्क्युअर : एक्स्पिडिशन ३३’ आणला. नाव कोणाच्या ओळखीचे नव्हते. संगीतकार लॉरिएं तेस्तार याने त्यापूर्वी एकाही खेळाला संगीत दिले नव्हते. त्या वर्षअखेर ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये वर्षातील सर्वोत्तम खेळाचा मान त्याला मिळाला. यावरून लहान मेळ नेहमी जिंकतो असा सिद्धांत काढू नये. न जिंकलेल्यांची नावे आपल्यापर्यंत येत नाहीत, एवढाच फरक. परंतु तिथे कोणी तबकडी गायला सांगितली नव्हती, हे खरे.

म्हणून या धंद्यात शिरू पाहणाऱ्या आपल्या मुलांच्या पालकांना माझे सांगणे इतकेच की, एक खेळ रद्द झाला म्हणून पुण्या-मुंबईच्या हातात कसब नाही असे समजू नये. त्या हातांना अजून स्वतःची चीज म्हणण्याची संधी मिळायची आहे. ती मिळेल तेव्हा आपण पहिल्याच दिवशी, पुरी किंमत देऊन, समोर बसले पाहिजे. आणि पहिला सूर कच्चा लागला तर थोडे थांबले पाहिजे.

मूळ खेळाची एक शेवटची हकीकत. त्याची मूळ संहिता हरवली असे मेक्नर धरून चालला होता. २०१२ साली त्याच्या वडिलांना घरात जुन्या चकत्यांचा खोका सापडला, त्यांनी तो मुलाकडे पाठविला, आणि मुलाने ती संहिता सर्वांना पाहण्यासाठी खुली केली. ज्या विद्यार्थ्याला मी २०२० साली हसत हसत ती झलक दाखविली होती, तो आता संगणकाचे शिक्षण घेतो. मागच्या रविवारी तो ती संहिता उघडून बसला होता. छायापुरुष कसा केला ते त्याने मला दाखविले. मला त्यातले फारसे कळले नाही. “आता तू काय करणार?” म्हणून विचारले, तर म्हणाला, “सर, हा नाही करणार. दुसरा करीन.”