विश्लेषण : फोनमधल्या फाइलींचे ‘कुलूप’ सोपे का हवे?

घाटकोपरला मेट्रोची वाट पाहणाऱ्या प्रवाशाच्या फोनमध्ये एकाच वेळी बरेच काही चालू असते. कॅमेरा फोटो साठवतो, व्हॉट्सॲप व्हिडीओ उतरवते, गॅलरी त्यांची यादी करते. सगळ्यांनी एकाच फोल्डरमध्ये एकदम हात घातला तर नोंदी बिघडतील. म्हणून अँड्रॉइडच्या मुळाशी असलेल्या लिनक्स कर्नलमधील फाइल सिस्टीम फाइलींना आणि फोल्डरना ‘लॉक’ लावते. ही कुलुपे लावणारी फंक्शन्स सोपी करणे हे बिनकौतुकाचे काम आहे. तरीही नव्या सुविधांपेक्षा त्याची गरज अधिक आहे.

एकच कुलूप का पुरले नाही?

१९९६ मध्ये लिनक्स २.० अनेक प्रोसेसरवर चालू लागले, तेव्हा कर्नलला एकच ‘बिग कर्नल लॉक’ होते. समजायला सोपे, पण एक आत असताना बाकीचे दाराबाहेर. ते पुरते काढायला २०११ उजाडले. त्याच्या जागी बारीक कुलुपे आली आणि नवी डोकेदुखीही. एकाने पहिले कुलूप धरून दुसऱ्याची वाट पाहायची, दुसऱ्याने नेमके उलट. दोघेही अडकतात. यालाच ‘डेडलॉक’ म्हणतात.

मग सोपे काय करायचे?

कुलुपांची संख्या नव्हे, ती वापरण्याची रीत. २०१६ चे उदाहरण बोलके आहे. फाइलीच्या नोंदीचे, म्हणजे ‘आयनोड’चे कुलूप कर्नलभर जो तो थेट हाताळत असे. जानेवारीत अल विरो यांनी त्यासाठी ‘आयनोड लॉक’, ‘आयनोड अनलॉक’ अशी साधी फंक्शन्स आणली. वरवर पाहता नुसता नावांचा बदल. पण आता कुलूप बदलायचे तर एकाच जागी बदलता येणार होते. जुलैत आलेल्या ४.७ आवृत्तीत ते बदललेही. सोसायटीच्या सूचना फलकासारखे झाले : वाचणारे अनेक, लिहिणारा एक. एकाच फोल्डरमध्ये अनेकांना एकदम फाइल शोधता येऊ लागली.

पवईत आयआयटी मुंबईच्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या अभ्यासात ‘एक्सव्ही६’ ही छोटी प्रणाली वापरली जाते. तिच्यात ‘आयअनलॉकपुट’ नावाचे चिमुकले फंक्शन आहे. कुलूप सोडणे आणि फाइलीवरचा हक्क सोडणे, दोन्ही एका हाकेत. चूक आढळून मध्येच परतताना यातली एक पायरी हमखास विसरते. कुलूप तसेच राहिले, तर पुढचा कायम ताटकळतो.

‘चालतंय ना, मग हात कशाला लावायचा?’ हा आक्षेप कर्नलबाबत पोकळ नाही. इथली चूक लोकांच्या फाइली खाते. पण गुंतागुंत तशीच ठेवणेही सुरक्षित नसते. एक्सएफएस या फाइल सिस्टीमला वाचन-लेखनासाठी आयनोडच्या कुलपासोबत स्वतःचे वेगळे कुलूपही सांभाळावे लागे. दोन्ही एकत्र लावणारी खास फंक्शन्स त्यासाठी लिहिलेली होती. आयनोडचेच कुलूप सुधारल्यावर २०१७ च्या ४.१० आवृत्तीत एक्सएफएसचे ते कुलूप गेले, आणि ती फंक्शन्सही.