आमचं मुठेल

परवा मॉलमध्ये 'कोकम बटर'ची इवलीशी डबी दिसली. किंमत बघून हसूच आलं. अहो, हे तर आमचं कोकणातलं मुठेल! सोलं काढल्यावर उरलेल्या कोकमाच्या बिया वाळवून कुटायच्या, पाण्यात उकळायच्या. वर तरंगलेलं तेल गार झालं की गोठतं, त्याचा मुठीत गोळा वळायचा. लागेल तेवढं चुलीवर पातळ करून भेगाळलेल्या टाचांना लावायचं. स्टिअरिक आम्ल भरपूर, म्हणून ते घट्ट. त्वचेवर थर धरतं, ओल उडू देत नाही. 'रंग उजळतो' वगैरे मला पटत नाही.

खंत वेगळीच आहे. घरात मुठेल फक्त आजीलाच करता येतं, आणि मी दरवर्षी आयता गोळा घेऊन पुण्याला पळतो! यंदा मे महिन्यात रजा टाकून शिकणार. तुमच्याकडे कोण करतं?