कारखाना आधी लॅपटॉपवर उभा करा

गाळप हंगामात नांदेडहून अर्धापूरकडे निघालात, की केळीच्या बागांच्या कडेने उसाच्या ट्रॉल्या रांगेत दिसतात. देगाव-येळेगावचा भाऊराव चव्हाण साखर कारखाना याच तालुक्यातला. आपण हॉर्न वाजवत ट्रॉलीच्या पुढे निघून जातो. पण तुम्ही केमिकल इंजिनीअरिंगला असाल, मग विष्णुपुरीला शिकत असा की जालन्याच्या आयसीटीत, तर जरा थांबा. हीट एक्स्चेंजर, इव्हॅपोरेटर, क्रिस्टलायझर, सेंट्रिफ्यूज... तुमच्या पुस्तकातलं बरंच काही साखर कारखान्याच्या एकाच आवारात चालू असतं.

हा विषय आत्ताच का? कारण साखर कारखाना आता फक्त साखरेचा राहिलेला नाही. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठलं. त्याआधी डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर अचानक बंधनं आणली आणि नंतर ती सैल केली. म्हणजे रस साखरेकडे वळवायचा की इथेनॉलकडे, हे गणित सरकारच्या एका आदेशाने बदलतं. अशा वेळी 'असं केलं तर काय होईल' हे आधी मांडून दाखवणारा माणूस लागतो. त्यासाठीच प्रोसेस सिम्युलेशन सॉफ्टवेअर असतं.

या क्षेत्रातलं मोठं नाव म्हणजे ॲस्पेन. १९७०च्या दशकात तेलसंकटानंतर अमेरिकेतल्या एमआयटीत हा प्रकल्प सुरू झाला आणि १९८१ मध्ये त्याची कंपनी झाली. त्याचं लायसन्स विद्यार्थ्याच्या खिशाला परवडत नाही. मग हॉस्टेलवर 'क्रॅक' फिरतो. तो बेकायदा तर असतोच, सोबत व्हायरसही घेऊन येतो.

याला सरळ पर्याय आहे : डीडब्ल्यूसिम. हे सॉफ्टवेअर मोफत आणि मुक्त स्रोत आहे, विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालतं. आयआयटी मुंबईचा 'फॉसी' प्रकल्प त्याचा प्रसार करतो. तुम्ही एखाद्या प्रक्रियेचा फ्लोशीट तयार करून पाठवला आणि तो मान्य झाला, तर तुमच्या आणि कॉलेजच्या नावासह सर्वांसाठी खुला होतो. मुलाखतीत दाखवायला यापेक्षा चांगलं काय हवं? 'कंपन्या तर ॲस्पेनच विचारतात,' असं तुम्ही म्हणाल. खरंय. पण बटणं आठवड्याभरात शिकता येतात, फ्लोशीटमागचा विचार नाही.

हा विचार वहीवर सुरू होतो. समजा, १०० टन रस आहे आणि त्यात १५ टक्के विरघळलेले घन पदार्थ आहेत. तो ६० टक्क्यांपर्यंत आटवायचाय. घन पदार्थ १५ टनच राहणार, म्हणजे पाक उरला २५ टन आणि उडवायचं पाणी ७५ टन. एकाच भांड्यात उडवलं तर ढोबळमानाने तेवढीच वाफ लागेल. पण पहिल्या भांड्यातून निघालेल्या वाफेवर दुसरं तापवलं, दुसऱ्याच्या वाफेवर तिसरं, असं चार भांड्यांचं केलं, तर आदर्श हिशेबाने १९ टनांच्या आसपास भागतं. वाचलेल्या वाफेवर वीज होते. हे कागदावर जमलं, की मगच माउस हातात घ्या.

कारण सॉफ्टवेअर चुकीचं उत्तरही तितक्याच ऐटीत देतं. इथेनॉल आणि पाण्याचं साधं ऊर्ध्वपातन वजनाने साधारण ९५.६ टक्क्यांवर अडतं. तिथे द्रव आणि वाफ यांतलं प्रमाण एकच होतं. इंधनासाठी तर ९९.५ टक्क्यांच्या घरातलं इथेनॉल लागतं, म्हणून डिस्टिलरीत पुढे मॉलिक्युलर सीव्ह बसवतात. आता डीडब्ल्यूसिममध्ये मॉडेल म्हणून 'राऊल्ट्स लॉ' निवडून बघा. साध्या कॉलममधून जवळजवळ शुद्ध इथेनॉल निघताना दिसेल! एनआरटीएल निवडलं की ती अडचण पुन्हा हजर. स्क्रीनवर एक क्लिक चुकलं तर मार्क जातात. खऱ्या प्लांटमध्ये कोटींचा कॉलम वाया जातो.

आणि कधी त्याहून जास्त. भोपाळ, डिसेंबर १९८४ : बंद पडलेलं रेफ्रिजरेशन आणि ऐनवेळी निकामी ठरलेली सुरक्षायंत्रणा. डिझाइन शिकताना सुरक्षितता हा शेवटचा धडा नसतो. अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाचे अपघात उलगडणारे व्हिडिओ मोफत आहेत, जरूर बघा. एनपीटीईएलची लेक्चर्सही फुकट आहेत, पैसे लागतात ते प्रमाणपत्राच्या परीक्षेला. आयआयटी मुंबईच्याच स्पोकन ट्युटोरियलवर अनेक सॉफ्टवेअरचे धडे मराठीतूनही मिळतात.

तेव्हा साधनं नाहीत, ही तक्रार आता फारशी टिकत नाही. कमी पडतो तो खऱ्या प्लांटशी संबंध. साखरेच्या द्रावणाची सगळी माहिती सॉफ्टवेअरमध्ये आयती मिळेलच असं नाही, ती कारखान्यातल्या माणसांकडे असते. कॉलेजचं पत्र घ्या, तिघं-चौघं मिळून जवळच्या कारखान्यात जा, इव्हॅपोरेटरवरच्या ऑपरेटरकाकांना तापमान आणि दाब विचारा. ते आकडे तुमच्या फ्लोशीटमध्ये टाका. उत्तर जुळलं नाही, तर का जुळलं नाही ते शोधा. खरं शिक्षण तिथून सुरू होतं.