दिव्यांगांच्या स्कूटरला ‘ड्रंक अँड ड्राइव्ह’मधून सूट आहे का? समजून घ्या

शहापूर, मुरबाडच्या आडगावांतून बाजाराला, दवाखान्यात किंवा तहसील कार्यालयात जायचे, तर अनेक दिव्यांगांना साइड व्हील लावलेली स्कूटरच सोयीची पडते. ही गाडी दारू पिऊन चालवली, तर दिव्यांग म्हणून कायदा सूट देतो का? उत्तर सरळ आहे : नाही.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये २०१९ साली दुरुस्ती झाली. दिव्यांगांसाठी खास बनवलेल्या किंवा बदल करून घेतलेल्या गाडीची व्याख्या त्यात आहे. पण ही गाडीही मोटार वाहनच, त्यामुळे कलम १८५ तिलाही लागू होते. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळले, की गुन्हा ठरतो. गाडी चालवण्याचा नुसता प्रयत्न केला, तरी तो गुन्हाच.

शिक्षा किती?

पहिल्या वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद, १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास २ वर्षांपर्यंत कैद, १५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही. शिवाय दोषी ठरल्यावर किमान ६ महिने गाडी चालवता येत नाही.

बॅटरीवरच्या व्हीलचेअरचे काय?

मोटर २५० वॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि नियमांतील इतर अटी पूर्ण असतील, तर बॅटरीवरचे वाहन ‘मोटार वाहन’ ठरत नाही. तेव्हा कलम १८५ लागत नाही. म्हणून मोकळीक मिळाली, असे मात्र नाही. भारतीय न्याय संहितेचे कलम २८१ कोणत्याही वाहनाला लागू आहे. सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे वाहन चालवून जीव धोक्यात घातला, तर ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १ हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. नशेत सार्वजनिक ठिकाणी लोकांना त्रास दिला, तर कलम ३५५ आहेच.

मग सवलत कुठे हवी?

मुंबई-नाशिक महामार्गावर कंटेनरच्या शेजारून किंवा माळशेजच्या रस्त्यावर पावसात ही छोटी गाडी चालवताना नशेची जोखीम आधी चालवणाऱ्यालाच असते. त्यामुळे नियमात सवलत मागण्यात अर्थ नाही. सवलत हवी ती वागणुकीत. रात्री नाकाबंदीत गाडी ताब्यात घेतली, की इतर माणूस लिफ्ट मागून किंवा चालत घर गाठेल. दिव्यांग तिथेच अडकतो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ गरजेनुसार वाजवी सोय करण्याची जबाबदारी सरकारवर टाकतो. कारवाई जरूर करावी, पण त्या माणसाला घरी पोहोचवण्याची व्यवस्थाही तेव्हाच व्हावी.

आणि चालवणाऱ्यांसाठी एवढेच : ज्या गाडीवर रोजचे जगणे अवलंबून आहे, ती एका रात्रीच्या पार्टीपायी ६ महिने दारात उभी ठेवणे परवडणारे नाही.