शेजारची कंडरा

१९५२ साली जी. एन. रामचंद्रन मद्रास विद्यापीठात भौतिकशास्त्राचे विभागप्रमुख म्हणून आले, तेव्हा ते जेमतेम तिशीचे होते. त्यांचा विषय स्फटिकांचा. त्याच वर्षी स्फटिकशास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल मद्रासला आले आणि कोलॅजन या प्रथिनाची आजवर सुचवलेली एकही रचना समाधानकारक नाही, असे म्हणून गेले. रामचंद्रननी तो प्रश्न उचलला. नमुना जवळच्याच केंद्रीय चर्म संशोधन संस्थेत मिळाला, कांगारूच्या शेपटीची कंडरा. १९५४ मध्ये गोपीनाथ कर्था यांच्यासह त्यांनी कोलॅजनची तिपेडी रचना ‘नेचर’मध्ये मांडली.

मला पुढचा भाग अधिक मोलाचा वाटतो. या रचनेत काही अणू एकमेकांच्या फारच जवळ येतात, असा आक्षेप क्रिक आणि रिच यांनी घेतला. मद्रासच्या मंडळींनी मग अणू मुळात किती जवळ येऊ शकतात हेच शोधायला घेतले. ठाऊक असलेल्या स्फटिकरचनांमधली अंतरे तपासली. त्या खटाटोपातून १९६३ साली, रामचंद्रननी सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन यांच्यासह मांडलेला, प्रथिनसाखळीतल्या फाय-साय कोनांचा नकाशा आला. आपण आजही प्रत्येक मॉडेल जमा करण्याआधी त्यावरून नजर फिरवतो. एका आक्षेपाचे उत्तर शोधायला इतकी वर्षे देता आली, कारण कुलगुरू लक्ष्मणस्वामी मुदलियार विभागाच्या पाठीशी उभे होते. केंब्रिजमध्ये पेरुट्झनाही १९३७ मध्ये हाती घेतलेले हिमोग्लोबिन १९५९ पर्यंत उलगडू दिले गेले.

आज मात्र आपल्याकडे तीन वर्षांच्या प्रकल्पावर आलेल्या मुलीचे प्रथिन दुसऱ्या वर्षीही विरघळत नसेल, गोळा होऊन तळाशी बसत असेल, तर आपण तिला काय सांगतो? अहवालापुरते काहीतरी दाखव. ते प्रथिन का विरघळत नाही, हा तिचा खरा प्रश्न तिथेच मरतो. शेजारच्या लॅबकडे कॉलम मागायचा तर आधी दोन प्रमुखांचे पटते का, हे तिला पाहावे लागते. विद्यार्थी असताना मीही एका संस्थेत भिंतीपलीकडच्या सेंट्रिफ्यूजसाठी चार महिने थांबलो आहे.

वाचकांपैकी अनेक जण निवड समित्यांवर बसतात. लॅबप्रमुखाची मुलाखत घेताना शोधनिबंध मोजून झाले, की त्यांना एवढे जरूर विचारा: तुमच्या विद्यार्थ्याने शेवटचा नमुना शेजारच्या कोणाकडून आणला, आणि तुमच्या निष्कर्षावर आक्षेप आला तेव्हा तो तपासायला त्याला किती दिवस दिलेत?